बर्फातली खालमानी

ढगांच्याही वर एक राज्य होतं. तिथं उन्हाळा यायचा तो पाहुण्यासारखा. जरा टेकायचा आणि निघून जायचा. मग थंडी यायची आणि ठाण मांडून बसायची. बर्फ पडायचं, पडायचं, पडतच राहायचं. घरं पांढरी, झाडं पांढरी, डोंगर पांढरा, आभाळसुद्धा पांढरं. यमे, गोधडी नीट घे गं, नुसतं ऐकूनच कुडकुडायला लागशील.

त्या राज्याचा राजा होता शैलधर. त्यानं लग्न केलं ते पार खाली, समुद्राकाठच्या राजकन्येशी. तिचं नाव बकुळा. तिच्या माहेरी अंगणात बारा महिने काही ना काही फुललेलं असायचं. सुरंगी संपली की मोगरा, मोगरा सरला की सोनटक्का. सासरी आली आणि पहिलाच हिवाळा लागला. मग ती खिडकीत बसायची आणि रंग शोधायची. एखादं लाल पान दिसलं असतं तरी तिला पुरलं असतं. पण दिसायचं नाही.

तिच्या सासूबाई, थोरल्या राणीसाहेब, फार मायाळू होत्या. सुनेला लोकरीचे मोजे कसे घालायचे, बर्फावर पाऊल कसं टाकायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. पण हिवाळा मुरला, की त्या भिंतीकडे तोंड करून निजायच्या. बोलायच्या नाहीत. जेवायच्या तर चिमणीएवढं. दरवर्षी असंच, आणि दरवर्षी थोडं जास्तच.

बकुळा त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "आईसाहेब, तुम्हाला काय होतं?"

त्या म्हणाल्या, "होत काही नाही गं. डोळ्यांना थांबायला जागाच सापडत नाही. मग मिटून घेते."

बकुळाच्या काळजात लक्कन हललं. तिनं ठरवलं, या बर्फात फुलेल असं फूल शोधायचं.

राजा म्हणाला, "बर्फात कधी फूल येतं का?"

पण गावातले लोक सांगायचे, उत्तरेच्या कड्यामागे हिवाई राहते. थंडी तिचीच लेक. काय असेल नसेल ते तिला ठाऊक. मग बकुळा याकावर बसून निघाली. वारा असा, की पापण्यांवर बर्फाचे मणी धरले. तरी गेली.

कड्यामागे एक म्हातारी बसली होती. तिच्या केसांवर बर्फ होतं आणि ते वितळत नव्हतं. ती उठून चालली, तर मागे पाऊल उमटलं नाही. बकुळानं जमिनीला डोकं टेकलं.

"कशाला आलीस, पोरी?"

"हिवाई, थंडीत फुलणारं फूल हवंय. आमच्या आईसाहेबांसाठी."

"मग निवड," हिवाई म्हणाली.

तिनं हात फिरवला मात्र, आणि उतारावर फूल उभं राहिलं. लालभडक, कमळाएवढं. बकुळानं बोट लावलं. फूल वितळलं आणि बोटावर नुसतं पाणी राहिलं. मग दुसरं आलं. पिवळंधमक, जणू उगवता सूर्यच. त्यालाही बोट लावलं. तेही वितळलं. मग बकुळा तिथंच थांबली. कुठंच काही दिसेना. म्हणून तिनं खाली पाहिलं. एका खडकाच्या आडोशाला काळपट हिरव्या पानांचं बुटकं झाड होतं. पानं चामड्यासारखी जाड. त्याला एक फिकट फूल होतं, पण त्यानं मान अगदी खाली घातलेली.

बकुळा गुडघ्यांवर बसली. लेकराची हनुवटी उचलावी, तसं तिनं एका बोटानं फूल वर केलं. आणि बाळांनो, तिचा श्वासच थांबला. आत दुधासारखी पांढरी वाटी. वाटीत डाळिंबी ठिपके, कुणी एकेक करून टिपल्यासारखे. आणि मधोमध सोनेरी केसरांचा झुबका. वरून बर्फ पडत होतं आणि फूल वितळत नव्हतं.

त्या फुलाचं खरं नाव हेलेबोर, बरं का. माझ्या जिभेला काही ते वळत नाही. मी आपली खालमानीच म्हणते.

"हीच हवी," बकुळा म्हणाली.

हिवाई हसली. "या आईझाडाला हलवायचं नसतं. तिच्या पायाशी रोपं उगवलीत, त्यातलं एक ने. रंग आईचाच येईल असं नाही हो. फुलेपर्यंत मलाही सांगता यायचं नाही. तीन हिवाळे वाट बघ. एकदा लावलंस की मुळाला हात लावायचा नाही. आणि हे झाड विषारी आहे. तोंडात घालायचं नाही, हाताळलं की हात धुवायचे."

बकुळानं रोप मातीसकट पदरात घेतलं. महालामागे उतारावर जर्दाळूचं झाड होतं. त्याच्याखाली लावलं. तिथं पाणी साचत नाही, उन्हाळ्यात सावली मिळते, आणि हिवाळ्यात पानं झडली की कोवळं ऊन खाली उतरतं. कुजलेला पालापाचोळा तिनं भोवती पसरला. मग वाट बघायला लागली.

पहिल्या हिवाळ्यात दोन पानं आली. बस्स. राजा म्हणाला, "इथं अंधार आहे. माझ्या सज्ज्यासमोर लावू या." बकुळा नाही म्हणाली.

दुसऱ्या हिवाळ्यात झाड चांगलं पसरलं. शेळ्या आल्या, हुंगलं, आणि नाक उडवून निघून गेल्या. फूल मात्र नाही. लोक हसले. म्हणाले, "राणीनं भाजी लावलीय, तीही शेळ्या खात नाहीत अशी." कधी कधी बकुळाच्या मनात यायचं, जरा उकरून बघावं का, मूळ जिवंत आहे ना? हात पुढे जायचा. ती परत घ्यायची.

तिसरा हिवाळा आला तो फार वाईट. थोरल्या राणीसाहेबांनी पेजसुद्धा सोडली. वैद्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. बकुळा धावत जर्दाळूखाली गेली. हातांनी बर्फ बाजूला केलं. जुनी पानं काळवंडली होती, ती कापून टाकली. आणि खाली, अगदी मातीलगत, कळ्या होत्या. वाकलेल्या, अंगठ्याएवढ्या.

पुढं एका सकाळी कळी उमलली. राजा म्हणाला, "खणून आण. आईच्या उशाशी ठेवू."

"खणली तर मरेल."

"आईपेक्षा झाड मोठं झालं तुला?"

बकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मेलेलं फूल त्यांना कसं दाखवू, महाराज? आपण त्यांनाच तिकडं नेऊ."

"या थंडीत?" राजा चिडला. सगळे चिडले. दासीसुद्धा तोंड फिरवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात अंथरुणातून बारीक आवाज आला.

"काय फुललंय, बकुळे?"

"फूल, आईसाहेब. बर्फात."

भिंतीकडचं तोंड हळूच इकडे वळलं.

मग पालखी आणली. शाली, दुलया, सगळं गुंडाळून त्यांना जर्दाळूखाली नेलं. झाडाभोवतीचं बर्फ विरघळून काळ्या मातीचं कडं उघडं पडलं होतं. मधोमध खालमानी उभी होती. थोरल्या राणीसाहेबांनी भोयांना थांबवलं. खाली उतरल्या. बकुळाच्या खांद्याला धरून चार पावलं चालल्या आणि बर्फात गुडघे टेकून बसल्या. बोट पुढं केलं. फुलाची मान वर उचलली.

ते पांढरं नव्हतं. पिकल्या जांभळासारखं होतं, गडद, आणि कडेला चांदण्याची बारीक रेघ. आत तोच सोनेरी झुबका, जणू कुणी दिवा लावून ठेवलाय. एवढ्या पांढऱ्यात एवढा रंग. भोई बघत राहिले. राजा बघत राहिला. वारासुद्धा पडला.

थोरल्या राणीसाहेब नुसते डोळे भरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "बकुळे, मला भूक लागलीय गं."

बकुळा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. म्हणाली, "आधी हात धुवा, आईसाहेब."

राजानं स्वतः गरम पाणी आणलं आणि आईच्या हातांवर ओतलं. पेजही तिथंच आली. त्यांनी वाटीभर प्यायली, आणि आणखी मागितली. राजा मान खाली घालून बकुळाला म्हणाला, "चुकलो मी." ती म्हणाली, "पेज घ्या तुम्हीपण. निवतेय."

पुढं खालमानीच्या पायाशी रोपंच रोपं उगवली. राणीनं ती घरोघर वाटली. कुणाकडे हिरवट फुललं, कुणाकडे गुलाबी, कुणाकडे ठिपक्यांचं. भर हिवाळ्यात लोक एकमेकांच्या अंगणात जायला लागले, गुडघे टेकायला लागले. थोरल्या राणीसाहेबांनी नातवंडं मांडीवर खेळवली. सगळी माणसं सुखात राहिली, आणि बर्फ पडायचं ते पडतच राहिलं.

आता तिथं सगळे निजलेत. तुम्हीपण डोळे मिटा बघू.