दगड झालेली परसबाग

एका राज्यात अमरसेन नावाचा राजा होता. त्याच्या राज्याला पूर्वेला नदी होती, पश्चिमेला डोंगर होते आणि मधोमध राजवाडा होता. राजाचे बगीचे मोठे. त्यांत कारंजी होती, मोर होते, चाळीस माळी राबत होते. पण राजवाड्याच्या मागे भिंतीआड एक परसबाग होती, तिला माळी नव्हता. तिथं राणी मृणालवती स्वतः आळी करी, स्वतः बी टोची, स्वतः मांडव घाली. दुधी, दोडका, घेवडा, पडवळ, तांबडा भोपळा, वांगी, अळू. कुणाच्याही घरामागे असतं तेच. पण राणीचा हात असा, की तिनं आधाराला रोवलेल्या काठीलाही पालवी फुटे.

बागेच्या भिंतीला एक लहान दार होतं. रोज सकाळी राणी ते उघडी. घरात लागेल तेवढं ठेवी, उरेल ते दारात मांडी. ज्याला हवं त्यानं न्यावं. कुंभारणी येत, कोष्टी येत, शिपायांच्या बायका येत, वाटसरू येत. कुणी पडवळ नेई आणि जाताना चार मिरच्या ठेवून जाई. कुणी काहीच ठेवीत नसे. राणी कुणाला काही विचारीत नसे.

राजा सज्जातून हे पाही आणि दारातून गेलेली एकेक शेंग मोजी. त्याला कारण होतं. तो सात वर्षांचा असताना राज्यात मोठा दुष्काळ पडला. राजवाड्यातलंसुद्धा धान्य सरलं. धाकटी बहीण चंपावती भूक भूक करीत त्याच्या मांडीवर निजली ती उठलीच नाही. तेव्हापासून राजाला भरलेलं ताट दिसलं की त्याखाली रिकामं ताट दिसे. राणीखेरीज हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

एका वर्षी परसबागेला असा बहर आला, की मांडव मोडले. दुधी माणसाच्या उंचीचे झाले. एक भोपळा हलवायला दोघीजणी लागू लागल्या. सकाळी तोडलेल्या शेंगांच्या जागी दुपारी नव्या शेंगा लोंबू लागल्या. राणी हसत आली. म्हणाली, "महाराज, आजपासून दार दोनदा उघडावं लागेल."

राजा म्हणाला, "आजपासून दार उघडू नकोस. असं पीक पुन्हा येईल न येईल. वाळवू, खारवू, कोठारं भरू. भिंतीबाहेर एक शेंग जायची नाही."

"वाळवून किती वाळवणार? निम्मं कुजून जाईल."

"कुजलं तरी आपल्याकडे राहील."

राणी बागेत गेली. राजानं आपल्या हातानं दाराला आतून अडसर घातला आणि राजवाड्यातून फिरून येऊन बाहेरून कुलूप लावलं. मग तो सज्जात येऊन उभा राहिला.

त्याच प्रहरी अग्निजट नावाचा जादूगार त्या वाटेनं आला. त्याच्या जटांमधून निखारे दिसत, आणि तो जिथं पाऊल टाकी तिथलं गवत क्षणभर पिवळं होऊन पुन्हा हिरवं होई. दारापाशी थांबून त्यानं वर पाहिलं. "राजा, सात दिवस उपाशी आहे. एक भोपळा दे."

"द्यायला काही नाही," राजा म्हणाला. "जे आहे ते ठेवायचं आहे."

"ठेवायचं आहे?" अग्निजट म्हणाला. "बरं. मग ठेवलेलं राहू दे." त्यानं चिमूटभर राख दारावर फुंकली आणि तो निघून गेला.

आणि बाग दगड झाली. आधी मुळं, मग वेल, मग पानं, मग फळं. मांडवाखाली राणी मृणालवती एका दोडक्याकडे हात उंचावून उभी होती. तीही दगड झाली. तिच्या कपाळावरची बट वाऱ्यानं उडालेली होती, ती तशीच उडालेली राहिली. दार भिंतीत मिसळलं, राजवाड्याकडची वाटही बुजली. त्याच दिवसापासून राज्यातल्या साऱ्या बागांना फूल येई, पण फळ धरेना.

राजानं हत्ती लावले. भिंत हलली नाही. पाथरवट आणले. छिन्न्या बोथट झाल्या. लोकांची कोठारं महिन्यात सरली. राजानं आपलं उघडलं, तर आत दगडाच्या राशी. तेव्हा राजा भिंतीला टेकून बसला, आणि एक साळुंकी त्याच्यासमोर येऊन उतरली. तिचं घरटं राणीच्या मांडवात होतं. बाग दगड झाली तेव्हा ती किडे शोधायला बाहेर गेली होती, म्हणून वाचली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, पण कारण असल्याखेरीज बोलत नसत.

साळुंकी म्हणाली, "राजा, तीन गोष्टी कर. ज्याच्याकडे एकच आहे, त्याच्याकडून मागून आण. ज्याच्याकडे सगळं आहे, त्याला देऊन ये. मग जे उगवेल, त्यातलं काही ठेवू नकोस."

"एवढंच?"

"एवढंच. मुकुट इथं ठेव. तलवारही ठेव."

राजानं मुकुट ठेवला, तलवार ठेवली, अंगावर एक शेला घेतला आणि तो निघाला. साळुंकी पुढं, राजा मागं. बारा दिवस चालून ती दोघं डोंगरातल्या, राज्याच्या शेवटच्या वस्तीत पोचली. तिथं बयजा नावाची म्हातारी एकटी राहत असे. तिच्या झोपडीवर सुकलेला वेल होता आणि वेलावर एकच भोपळा होता. शाप पडण्याआधी धरलेला. त्या डोंगरात उरलेला तेवढाच.

राजा दारात उभा राहिला. त्याला हुकूम करता येत होता. मागणं त्यानं कधी केलं नव्हतं. सूर्य डोक्यावर आला.

म्हातारी म्हणाली, "बाबा, सकाळपासून उभा आहेस. वाट चुकलास की पाणी हवंय?"

"आजी," राजा म्हणाला, "मला तो भोपळा हवा आहे. बदल्यात द्यायला माझ्यापाशी काही नाही."

"सगळा हवाय?"

"देशील तेवढा."

म्हातारीनं भोपळा उतरवला, विळीवर मधोमध चिरला आणि अर्धा त्याच्या हातात दिला. राजानं तो छातीशी धरला. "आजी, तुझ्याकडे हा एकच होता."

"एकच होता म्हणून अर्धा दिला. दोन असते तर एक दिला असता."

"उद्याची भीती नाही वाटली?"

"वाटली की. रोजच वाटते," बयजा म्हणाली. "पण तू दारात उभा होतास ना."

राजानं वाकून तिच्या पायांना हात लावला. तो कोण होता ते तिला कळलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तिथून साळुंकीनं त्याला पश्चिमेच्या डोंगरातल्या एका गुहेकडे नेलं. वाट तीन दिवसांची. वाटेत खायला काही नव्हतं. हातात अर्धा भोपळा होता, पण राजानं त्याला दात लावला नाही. गुहेत शिरला तो त्याचे डोळे दिपले. आंब्याएवढे पाचू, सुपाएवढी सोन्याची पानं, माणकांचे ढीग असे की त्यांच्या उजेडानं गुहेचं छत तांबडं झालेलं. आणि त्या सगळ्यावर वेटोळं घालून एक नाग. त्याचा फणा छत्रीएवढा होता.

नाग म्हणाला, "न्यायला आलास. नऊशे नव्व्याण्णव आले. त्यांची हाडं उजव्या हाताला आहेत."

"न्यायला नाही. द्यायला आलो."

नागानं फणा राजाच्या तोंडापर्यंत खाली आणला. मग नाग म्हणाला, "मी माणूस होतो तेव्हाही मला कुणी काही दिलं नाही. मी घेत असे. काय आणलंस?"

राजानं भोपळ्यातल्या बिया बोटांनी काढल्या, शेल्याच्या टोकाला बांधल्या आणि गर नागापुढं ठेवला. स्वतःची भूक त्याला त्या क्षणी इतकी जाणवली, की डोळ्यांपुढं अंधारी आली. नागानं पहिला घास घेतला आणि तो थांबला. "मला भूक लागली होती," तो म्हणाला. "किती शतकं झाली. मी विसरलोच होतो."

त्यानं सगळं खाल्लं. खाता खाता वेटोळं सैल झालं, फण्यापासून शेपटीपर्यंत कात उलगत गेली, आणि तिच्यातून एक हडकुळा म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं रत्नांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गुहेच्या तोंडाशी जाऊन त्यानं उन्हात हात धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि तो डोंगर उतरू लागला. मागं रत्नांची खडी झाली होती. रस्त्यावर घालतात तसली.

राजा परतला. साळुंकीच्या सांगण्यावरून त्यानं बिया भिंतीबाहेर, वाहत्या रस्त्याच्या कडेला पेरल्या. कुंपण नाही, पहारा नाही. नदीवरून त्यानं स्वतः घागरी वाहिल्या. तिसऱ्या दिवशी कोंब आला, पाचव्या दिवशी वेल गुडघ्याएवढा झाला, नवव्या दिवशी तो रस्त्याच्या दोन्ही कडांनी सात कोस गेला. आणि दर हातावर एक भोपळा. ऊन पडलं की सारा रस्ता सोन्यासारखा दिसे.

उपाशी माणसं आली. आधी लांबून पाहत राहिली, कारण इतकं पाहायची सवय राहिली नव्हती. राजा देठ कापी आणि हातात देई. ज्यांनी त्याला ओळखलं त्यांनी मान खाली घातली. तो म्हणे, "मान नको, हात पुढं कर." गावं आली, गावांची गावं गेली. एकविसाव्या दिवशी दुपार कलली आणि वेलावर एकच भोपळा उरला. लहान, पण अंगानं भरलेला.

राजानं तो कापला. मनाशी म्हणाला, राणी बाहेर येईल. इतक्या दिवसांची उपाशी असेल. हा काही साठा नाही. हा तिचा घास आहे. त्यानं भोपळा मांडीवर घेतला आणि त्यावर शेला पांघरला. साळुंकी भिंतीवर बसली होती.

इतक्यात रस्त्यानं एक बाई भरभर चालत आली. डोक्यावर रिकामी पाटी, पाय धुळीनं भरलेले. ती पलीकडच्या राज्यातली होती. तिकडे नदीच्या पुरानं शेतं नेली होती. "दादा," ती म्हणाली, "काही उरलंय का?"

राजा म्हणाला, "उरलं नाही."

"बरं," ती म्हणाली. तिनं पाटी सावरली आणि ती वळली.

राजाच्या मांडीला गार लागलं. त्यानं शेला बाजूला केला. भोपळा देठापाशी करडा होत चालला होता. दगड एक बोट उतरला, दोन बोटं उतरला. राजा उठला आणि धावला.

"ताई, थांब. मी खोटं बोललो. हा घे."

बाईनं भोपळ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "कुणासाठी ठेवला होता?"

"माझ्या बायकोसाठी."

"मग राहू द्या. मी पुढं बघते."

"ठेवला तर तो तिलाही मिळायचा नाही," राजा म्हणाला, आणि त्यानं भोपळा तिच्या पाटीत ठेवला. ठेवताना त्याचा करडेपणा गेला होता, तो उन्हात तापल्यासारखा ऊब धरून होता. बाई "सुखी राहा" म्हणाली आणि आली तशीच भरभर निघून गेली. तिला लांब जायचं होतं.

राजा भिंतीपाशी येऊन बसला. त्याच्याजवळ आता काहीही नव्हतं. भीती गेली नव्हती. पण ती आता नुसती शेजारी बसल्यासारखी होती, आणि राजानं तिला बसू दिलं.

मग भिंतीपलीकडे एक मधमाशी गुणगुणली.

राजानं कान दिला. दुसरी गुणगुणली, मग शेकडो. भिंतीच्या दगडात दाराची रेघ उमटली. कुलूप गळून पडलं. आत अडसर सरकल्याचा आवाज झाला आणि दार आतून उघडलं. मातीतून हिरवा रंग वर चढत होता. मुळातून वेलात, वेलातून पानात, आणि पान पान सुटं होऊन हलत होतं. दगडी दुधी लुसलुशीत झाले, वांग्यांवर जांभळी तकाकी आली, आणि महिन्यांपूर्वी उडालेली बट राणीनं हातानं मागे सारली. राजानं बसल्या जागीच हात जोडले. त्याच वेळी राज्यातल्या प्रत्येक परसात फुलाखाली बारीक फळ धरलं, आणि बायका ते बोटानं चाचपून पाहू लागल्या.

राणी म्हणाली, "महाराज, तुम्ही इतके वाळलात कशानं?"

राजानं तिला सगळं सांगितलं. बयजा म्हातारीचं सांगितलं, नागाचं सांगितलं. शेवटच्या भोपळ्याचंही त्यानं लपवलं नाही. राणीनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "त्या बाईच्या राज्यात पूर आला म्हणालात. किती गावं असतील?"

"विचारलं नाही."

"मग गाड्या जास्तच जुंपू. तोडायला लागा. उजेड आहे तोवर दोडके तोडून होतील."

राजानं बाह्या सरसावल्या. राणीनं तोडलं, राजानं वाहिलं, नगरानं गाड्या भरल्या. दिवस मावळण्याआधी पहिली गाडी नदी उतरून पलीकडे गेली आणि तिच्यामागं दुसऱ्या गाड्या गेल्या.

अमरसेन राजाचं परसू असं भरलं आणि असं वाहतं झालं. ही गोष्ट सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या दारी तसंच पिको, आणि पिकलेलं चार घरं हिंडो.