पहिला तांब्या

वरच्या वस्तीला नळ नव्हता. सरपंच हैबतराव दर खेपेला बिनविरोध निवडून यायचे आणि बायका दर उन्हाळ्यात ओढ्यात झिरे उकरायच्या. यंदा वस्तीतल्या भिवाजीनं देवळापुढं सांगून टाकलं, "मी पण उभा राहणार." महिना सरायच्या आत वस्तीवर पाइप आले आणि नळाला धो धो पाणी लागलं.

तिथली रीत अशी, की नव्या पाण्याचा पहिला तांब्या पाणी आणणाऱ्याच्या हाती द्यायचा. वस्तीत थोरले म्हणून तो द्यायचा मान खंडूआबांचा. हैबतराव फेटा सावरून पुढं झाले. आबा सावकाश त्यांच्यापुढून गेले आणि तांब्या भिवाजीच्या हाती दिला.

"आबा, पाणी मी आणलंय! व्हॉल्व्ह अजून माझ्याच हातात आहे."

बायकांचे हात हंड्यांवरच थिजले. आबांना मात्र कशाचीच घाई नव्हती.

"तुम्हीच आणलंत, सरपंच. देव तुमचं भलं करो. पण बैलगाड्याच्या शर्यतीत बैल पळतात, ते पुढं घोडीस्वार असतो म्हणून. हा पुढं नव्हता तवर तुम्ही जागेवरच रवंथ करत होता. आता खुशाल व्हॉल्व्ह बंद करा. घोडी आणखी जोरात पळंल."

सगळी वस्ती हसली.

"म्हणजे मत यालाच?" हैबतरावांनी विचारलं.

"ते मतदानादिवशी बघू. जो पडंल त्यानं पुढल्या खेपेला पुन्हा उभं राहायचं, एवढंच मागणं."

भिवाजीनं दोन घोट पिऊन तांब्या हैबतरावांपुढं धरला. तेही प्याले. आबांनी दोघांनाही हात जोडले आणि बायकांना म्हणाले, "भरा गं."