तेराव्या पिशवीचा लाल दोरा

"परवा सूर्य मावळायच्या आत महासंघाचा अध्यक्ष एकमतानं निवडा! एकाचाही विरोध झाला, तर विमान मोडीत आणि सगळे क्लब बंद!"

सोनघळचे महाराज भर दरबारात गरजले. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. शेजारच्या राजाने आपल्या कॉलेजांतल्या उड्या मारणाऱ्या क्लबांचा महासंघ काढला होता. हे क्लब म्हणजे विमानातून उडी घेऊन हवाई छत्रीने खाली उतरणाऱ्या पोरापोरींचे. सोनघळात असे क्लब अकरा, विमान मात्र एकच. तरी महाराजांनाही आता महासंघ हवा होता आणि त्याचं नाव 'राष्ट्रीय' ठरलं होतं. सगळं राज्य सायकलवरून दुपारपर्यंत पालथं घालता येत असलं म्हणून काय झालं! कागद छापून झाले होते. छापणाऱ्याने खुशामतीच्या भरात 'उद्घाटन : खुद्द महाराजांच्या उडीने' असंही त्यावर छापून टाकलं होतं. शिक्का तयार होता, अध्यक्षाच्या खुर्चीला मखमल लावून झालं होतं. फक्त अध्यक्ष ठरत नव्हता.

उमेदवार बारा. अकरा क्लबांचे अकरा प्रमुख आणि बारावे सरदार रणधीरराव, ज्यांना राजवाड्याच्या गच्चीतसुद्धा चक्कर यायची. चार सभा झाल्या. पहिली कोणाचं नाव आधी लिहायचं यावर मोडली, दुसरी सर्वांत जुना क्लब कोणता यावर, तिसरी भज्यांवर. चौथी सुरूच झाली नाही, कारण सभेचा अध्यक्ष कोण, हेच ठरेना!

या सभांची टिपणं लिहायची यमू रेळेकर. कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, अक्षर सुरेख होतं आणि तिला कोणी उमेदवारांत धरत नव्हतं. पण तिच्या नऊ उड्या झाल्या होत्या. वरून पाहिलेलं सोनघळ तिला फार आवडायचं, आणि दहावी उडी हुकणार या विचाराने तिचा जीव कासावीस झाला होता.

ती उठून उभी राहिली. "महाराज, एकमत मी करून देते. उद्या सकाळी, मैदानावर."

"तू?" रणधीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "शेडमध्ये छत्र्यांच्या घड्या घालणाऱ्या बाईची पोर तू!"

"हो सरदार. म्हणूनच म्हणते."

"आणि नाही जमलं तर?" महाराजांनी विचारलं.

"तर विमानाबरोबर आमची शेडही मोडीत काढा."

"कबूल!"

सकाळी मैदानावर महाराजांदेखत यमूने बाराही उमेदवारांपुढे एकेक छत्री टाकली. "आपापल्या हातांनी घडी घाला आणि पिशवीत भरा. घडी चुकली तर छत्री वर उघडत नाही, तेवढं लक्षात असू द्या."

क्लबांच्या प्रमुखांनी एकमेकांकडे चोरून बघत कशाबशा घड्या घातल्या. रणधीररावांनी उपरण्यासारखी घडी घातली, पिशवीत कोंबली आणि बंद होईना म्हणून वर बसले. चार दोऱ्या बाहेर उरल्या, त्या त्यांनी गुपचूप खिशात घातल्या.

यमूने बारा पिशव्या ओळीत मांडल्या. शेडमधून आणखी एक आणून शेवटी ठेवली. तिचं तोंड लाल दोऱ्याने बांधलेलं होतं. मग तिने वैमानिकाला खूण केली आणि विमान घरघरू लागलं.

"आता मतदान! हात वर करायचा नाही. कोणाच्या हातची छत्री पाठीवर बांधून आत्ता उडी माराल, त्या पिशवीमागे उभं राहा. मत दिलं की थेट विमानात!"

कोणी हलेना. मग 'माझी घडी तीन वर्षं मीच घालतो' असं प्रत्येक सभेत सांगणारा एक प्रमुख मान खाली घालून निघाला आणि तेराव्या पिशवीमागे जाऊन उभा राहिला. त्याच्या मागोमाग उरलेले दहा अक्षरशः धावले! त्यांच्या स्वतःच्या पिशव्या बिचाऱ्या तशाच उन्हात पडून राहिल्या.

रणधीरराव तेवढे आपल्या पिशवीमागे ताठ. "मी माझ्या मतावर ठाम आहे!"

"शाब्बास सरदार! मग पहिली उडी तुमची."

सरदारांनी विमानाकडे पाहिलं. खिशातल्या दोऱ्या चाचपल्या. आणि हळूच रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. "एकमताच्या आड येणारा माणूस नाही मी!"

"पण ही पिशवी कोणाची?" महाराजांनी विचारलं.

"माझ्या आईची, द्वारकाबाईची. अकराही क्लबांच्या घड्या तीच घालते. हा लाल दोरा तिचा."

महाराजांच्या कपाळावर आठी चढली. "घड्या घालणारी बाई राष्ट्रीय अध्यक्ष? शेजारचा राजा हसेल मला! ते काही नाही, अध्यक्ष रणधीररावच. हुकूम आहे!"

"हुकूम शिरसावंद्य." यमूने महासंघाचा छापील कागद पुढे केला. "यात लिहिलंय, उद्घाटनाची उडी महाराजांची. मग अध्यक्षांच्या हातची छत्री महाराजांच्या पाठीवर बांधू ना?" आणि तिने सरदारांची पिशवी उचलली. ती उचलताच आतली अर्धी छत्री जमिनीवर आली.

महाराजांनी छत्रीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि असे खो खो हसत सुटले की मंदील एका हाताने सावरावा लागला. हसत हसतच ते रांगेत रणधीररावांच्या मागे जाऊन उभे राहिले. "झालं एकमत! बोलवा अध्यक्षांना!"

द्वारकाबाई पदराला हात पुशीत आल्या. मखमली खुर्ची त्यांनी लांबूनच न्याहाळली.

"ह्यात मीटिंगा असत्यात का?"

"दर महिन्याला," महाराज म्हणाले.

"मग न्हाई जमायचं. चाळीस घड्या पडल्यात माझ्या. ज्याला मीटिंग पायजे त्यानं शेडात यावं. बोलता बोलता दोऱ्या तरी सोडवल्या जातील!"

महाराजांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "मंजूर! विमान आजपासून महासंघाचं, मीटिंगा शेडमध्ये, आणि पहिल्या दोऱ्या रणधीरराव सोडवतील! यमू, तुला काय हवं ते माग."

यमूने लाल दोऱ्याची पिशवी केव्हाच पाठीवर चढवली होती.

"दहावी उडी, महाराज. इंजिन चालू आहे तोवर!"

"दिली!"