आवडाक्काची एक ओळ

दहा हजार सात सुपाऱ्या तुमच्यापुढे ओतल्या, तर सारख्या ओळींत मांडाल का हो? घाई नको, आधी ऐका.

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या सुरंगवाडीत आवडाक्का नावाची बाई होती. तिचा जन्म सुपारी सोलण्यात गेला. तिचा धाकटा भाऊ धाकू देवळातल्या सुपारीची राखण करायचा. गावची रीत अशी, की नवी सुपारी आली की प्रत्येक घराने देवीपुढे न मोजता ओंजळी ओतायच्या आणि मग ती रास सारख्या ओळींत मांडायची. एका मापाने ओळी पुऱ्या झाल्या नाहीत, तर दुसऱ्या मापाने मांडायच्या. कशाच मापाने झाल्या नाहीत, तर राशीला चोराचा हात लागला असं समजायचं.

त्या वर्षी ओळी काही केल्या पुऱ्या होईनात. गावचे प्रमुख, गावकर भिकाजी, धाकूला म्हणाले, "राखण तुझी, तेव्हा चोरही तूच. उद्या सकाळच्या होडीने खाडीपार जा. परत येऊ नकोस."

आवडाक्काने रास मोजली. शंभर-शंभराच्या शंभर पाट्या भरल्या, वर सात उरल्या.

शेजारीण कुजबुजली, "अक्का, चंचीतली एक टाक आत. बाहत्तर ओळी पुऱ्या होतील, मिटेल सगळं."

"ते मलाही दिसतंय गं. पण मग एक कमी होती असंच ठरेल, आणि माझा भाऊ जन्माचा चोर."

तिने चंचीतून तेरा सुपाऱ्या काढून भिकाजींपुढे ठेवल्या. "काका, या माझ्या घरच्या. मांडा बघू."

भिकाजींनी दोन-दोन मांडल्या, तीन-तीन मांडल्या, पार सहा-सहापर्यंत गेले. दर वेळी काही उरायच्या नाहीतर कमी पडायच्या.

"मग यातली चोरली कुणी? मी?"

लोक हसले. भिकाजी चिडून म्हणाले, "तेराचं ठीक आहे गं. एवढी मोठी रास अशी असते होय?"

"मांडून बघू की."

ती मांडायला बसली. रास दोनांत बसली नाही, तेव्हा चारांत बसवायला नको. तीनांत नाही, तेव्हा नवांत नको. असं करत ती सत्त्याण्णवापर्यंत गेली, पण रास कशातच बसली नाही. असं म्हणतात, तिचे हात दिसत नव्हते, नुसती सुपारी सरकताना दिसायची.

"आणि शंभराच्या पुढे?" भिकाजींनी विचारलं.

"ओळ शंभराहून लांब केलीत, तर ओळीच शंभराहून कमी होतील. तेवढ्या-तेवढ्यांची ओळ करून बघितली की आत्ता, आणि आडवं मांडा नाहीतर उभं, मांडणी तीच."

मग आवडाक्काने देवळाच्या पायरीपासून एकच ओळ लावायला घेतली. असं म्हणतात, खाडीवरचा वारा थांबला, एक सुपारी घरंगळली नाही, आणि शेवटची सुपारी धाकूच्या उंबऱ्याला टेकली.

"हिला ही एवढीच मांडणी मानवते," ती म्हणाली. "त्यात हिचा दोष नाही, आणि त्याचाही नाही."

सुरंगवाडीत अजूनही नवी सुपारी आधी एका ओळीत लावतात, देवळापासून धाकूच्या जोत्यापर्यंत. तिला आवडाक्काची ओळ म्हणतात. ती लागल्याशिवाय कुणी कुणाला चोर म्हणत नाही.

त्या मांडणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होडी रिकामीच पलीकडे गेली, आणि धाकू काठी घेऊन देवळाच्या पायरीवर राखणीला बसला.