एका वेलीला एकच फळ

बाळांनो, एका खडकाळ डोंगराच्या पायथ्याशी रान होतं, आणि त्या रानातल्या ओढ्याकाठी एक साळू आपल्या पिल्लासोबत राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर. दिसायला मोठी रागीट, पण तिचा सगळा जीव बिळामागच्या परसात. तिथे ती कलिंगडं लावायची, खरबुजं लावायची आणि दिवसभर मातीत नाक खुपसून बसायची. हा काही नुसता हौसेचा मामला नव्हता. चैत्र सरता सरता ओढा आटायचा. मग पाण्याला नदीवर जावं लागे, आणि नदीची वाट बिबट्याच्या कपारीखालून जात असे. त्या वाटेनं गेलेला परत येईलच, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. कलिंगड म्हणजे पाण्याचा घडाच की! परसात असे घडे भरून ठेवले तर नदीचं तोंड बघायला नको, असा साळूचा साधा हिशोब होता.

गेल्या वर्षी मात्र हा हिशोब चुकला होता. वेली तर अशा लगडल्या होत्या की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. त्या रानात एक रीत होती. वेलीवरच्या कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की फळ कुजतं म्हणे! म्हणून सगळे बोट मुडपून दाखवायचे, आणि ज्यांना बोटंच नव्हती ते खूर मुडपायचे. जिथे बोट दाखवायची चोरी, तिथे फळ खुडायचं नाव कोण काढणार? सगळी फळं वेलीवर राहिली आणि सगळी मुठीएवढीच राहिली. फोडली तर आत पांढरीफटक. तोवर ओढा कोरडा पडला. पिल्लाला नेण्याजोगी वाट आहे का, हे बघायला साळूचा नवरा नदीकडे गेला. "आलोच," म्हणाला, आणि आलाच नाही.

त्यानंतर परसाच्या कोपऱ्यात साळूला एक वेल दिसली. हरणांनी तिचे शेंडे खाल्ले होते, फळं ओरबाडली होती. पानाआड एकच काय ते वाचलं होतं. ते मात्र चांगलं मडक्याएवढं झालेलं, आणि फोडलं तर लालबुंद, रसानं गच्च. पिल्लू खात होतं आणि साळू रडत होती. हे फळ आधी दिसलं असतं तर तिचा नवरा आज जवळ असता. त्याच फळाच्या बिया तिनं सुकवल्या आणि मनाशी पक्कं केलं, की पुढच्या वर्षी काहीही होवो, पण पिल्लाचा पाय त्या वाटेवर पडू द्यायचा नाही.

यंदा माघात तिनं त्या बिया लावायला आळी केली. ओढ्यापासून परसापर्यंत नखांनी पाट खणला. वेली धावल्या, फुलल्या, बोराएवढी फळं धरली. मग एके सकाळी तिनं प्रत्येक वेलीवरचं एक धट्टंकट्टं फळ निवडलं, आणि बाकीची दातांनी खुडायला सुरुवात केली.

"आई, हे किती गोजिरवाणं आहे बघ! एवढं एक राहू दे ना," पिल्लू काकुळतीला आलं.

साळूचे दात क्षणभर थबकले. लुसलुशीत, लव असलेलं ते फळ तिलाही तोडवत नव्हतं. "बाळा, वेलीच्या अंगात पाणी थोडं," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर येईल. घोटावर वैशाख निघत नाही." आणि तिनं ते फळ खुडलं.

झालं! ही बातमी रानभर व्हायला कितीसा वेळ लागणार? शेजारची सशीण धावत आली. "अगं बया! कोवळ्या फळाला आम्ही बोट दाखवत नाही, आणि तू दातांनी कुरतडतेस? हात कसा धजला तुझा?"

झाडावरून म्हातारा वानर खाली उतरला. त्याला विचारलं नाही तरी मत देण्याची त्याची जुनी खोड होती. "बोलू नकोस तिला," तो सशिणीला म्हणाला, पण साळूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "नवरा गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही बिचारीचं."

हे साळूच्या फार जिव्हारी लागलं. काटे ताठ उभे राहिले, पण ती जागची हलली नाही. "वानरकाका, डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच खुडतेय," एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या वेलीकडे वळली.

सशिणीनंही यंदा कलिंगडं लावली होती. तिनं एकही फळ तोडलं नाही. तिची वेल बघायला पाहुणे येऊ लागले, बोटं मुडपून वाहवा करू लागले. साळूच्या परसात बघण्यासारखं होतं तरी काय? पानंच पानं, आणि वेलीला एक फळ. त्यातच एका फळाला माशीनं डंख मारला आणि ते कुजलं. ती अख्खी वेल वाया गेली. "घ्या! हातचंही गेलं," वानरानं फांदीवरून जाहीर केलं.

साळू त्या कुजक्या फळापाशी बसून राहिली. बाकीचीही अशीच गेली तर? लोक म्हणतात तेच खरं असलं तर? पण पिल्लू बिळाच्या तोंडाशी निजलं होतं, त्याच्याकडे तिची नजर गेली आणि ती उठली. कुजकं फळ तिनं लांब नेऊन पुरलं. उरलेल्या प्रत्येक फळाखाली सुकं गवत सारलं, वरून पानं ओढून घेतली. कोणी फळ पळवायला आलं तर ती फक्त पाठ करायची. काटे खळखळले की भलेभले चोर वाट सुधारत.

चैत्र सरला. ओढा आटला. सशिणीनं आपलं पहिलं कलिंगड फोडलं, ते मुठीएवढंच, आत पांढरं. दुसरं फोडलं, तेही तसंच. वेलीवरची सगळी फळं फोडून झाली, तरी तिच्या पिल्लांचे ओठ ओले झाले नाहीत.

इकडे साळूच्या फळांचे देठाजवळचे तणावे, म्हणजे वेलीचे वेटोळे तंतू, वाळले होते. ठोकलं की पिकल्या फळाचा बद्द आवाज येत होता. तिनं पहिलं फळ दातांनी फोडलं आणि आतून तडतडत चीर गेली. आत लालबुंद गर होता. पिल्लानं त्यात तोंड घातलं ते डोळे मिटूनच. साळूनं एक घास घेतला आणि तिच्या जिवात जीव आला.

ऊन कलल्यावर कुंपणापलीकडून सशीण जाताना दिसली. मागोमाग तिची पिल्लं होती, एकमेकांना ढुशा देत. तोंडं नदीच्या वाटेकडे.

साळू धावली आणि वाटेत आडवी उभी राहिली. "कुठे निघालीस?"

"पाण्याला," सशीण मान खाली घालून म्हणाली. "पोरांचे घसे कोरडे पडलेत, ताई. दुसरं काय करू?"

"या वाटेनं माझा माणूस गेला तो आला नाही. तू जायचं नाहीस."

"पण मी तुला काय काय बोलले! कुठल्या तोंडानं तुझ्या दारात येऊ?"

"त्याच तोंडानं ये. खायलाही तेच लागतं," साळू म्हणाली आणि पोरांना पुढे घालून परसात घेऊन आली. तिनं दुसरं कलिंगड फोडलं, एक खरबूजही फोडलं. सशिणीची पोरं कानापर्यंत रसानं माखली. थोड्या वेळानं वानरही झाडावरून उतरला. या खेपेला मत द्यायला नव्हे. त्यानं खाली मान घालून फोड घेतली आणि मुकाट्यानं खाल्ली.

सगळे पांगल्यावर पिल्लानं पानाआडची फळं न्याहाळली. "आई, सगळ्यांना देऊन वैशाखभर पुरतील का गं?"

साळूनंही फळांवरून नजर फिरवली. मग त्या वाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती.

"पुरवू," ती म्हणाली.

तात्पर्य : सगळंच राखू पाहणाऱ्याच्या हाती काहीच भरीव लागत नाही; जे जिवाचं आहे, त्यासाठी बाकीचं वेळेवर खुडायची हिंमत हवी.