पोपट, खंड्या आणि उंच बेट

त्या मुलखात एक नदी होती आणि दर चार वर्षांनी ती आपले दोन्ही काठ गिळत असे. मधोमध एक उंच बेट होतं, ते तेवढं कोरडं राही. बेट कुणाचं, हे पूर यायच्या तोंडावर कवठाच्या सामन्यांत ठरे. चोच लावायची नाही, पंख लावायचा नाही, नुसत्या पायानं कवठ दोन बांबूंमधून घालायचं. समुद्रापलीकडचे पक्षीही खेळायला येत. नियम मात्र उदार होता: नदीवाल्यांपैकी कुणीही जिंकलं, तरी बेटावर सगळ्याच नदीवाल्यांनी घरटी करायची.

इतका सोयीचा नियम असल्यावर नदीवाले गळ्यात गळे घालून राहत असतील, असं परक्याला वाटेल. परक्याला काय कळतंय!

उजव्या काठावर पिवळे-हिरवे पोपट. पाचदा जिंकलेले, म्हणून डोक्यावर पाच तुरे. डाव्या काठावर निळ्या-पांढऱ्या खंड्यांची वस्ती, तीन तुऱ्यांची. मध्ये कुठंतरी इवलीशी टिटवी. तिचे दोन तुरे खापरपणजोबांच्या काळातले, पण विषय निघाला की सगळ्यांत पुढं सरकून बसणार तीच. पोपट हरले की डाव्या काठावर सडा-रांगोळी होई. खंड्या हरला की उजव्या काठावर जिलब्यांचे घाणे निघत. स्वतः जिंकल्यावरही एवढा थाट होत नसे.

त्या वर्षी पोपट लवकरच घरी आले. समुद्रापलीकडच्या रोहितांनी, त्या लांब पायांच्या गुलाबी पाहुण्यांनी, त्यांना हरवलं होतं. शेवटचा सामना खंड्या आणि रोहितांचा ठरला.

पोपटांचा गोलरक्षक सोनबा. त्याची बायको भिवरा काठावरच्या ढोलीत चार अंड्यांवर बसून होती.

"अहो, पाणी ढोलीखाली वीतभर उरलंय," ती म्हणाली. "उद्या जिंकू दे की खंड्याला एकदाचा. बेट आपल्यालाही मिळेल."

"खंड्याच्या जिवावर कोरडं राहायचं? पोरं उद्या माझं तोंड बघतील का?"

"आधी डोळे तर उघडू देत त्यांचे. अजून अंड्यात आहेत."

"तुला खेळातलं काही कळत नाही."

"नसेल. पाण्यातलं कळतं हो मला."

सोनबा उडाला, तो थेट रोहितांच्या तळावर उतरला. खंड्यांचा नामी खेळाडू कवठ मारण्याआधी डावा खांदा पाडतो, हे त्याला जन्मभराच्या वैरानं पाठ होतं. ते त्यानं पाहुण्यांना नीट करून दाखवलं, दोनदा. पाहुण्यांनी अदबीनं मान लववली. आपलेपणा असावा तर असा!

दुसऱ्या दिवशी रोहित जिंकले. त्यांनी बेटाला पक्कं कुंपण घातलं, दोन राखणदार ठेवले आणि बाकीचे आपल्या देशी निघून गेले. तिथं राहायची त्यांना गरज नव्हतीच.

उजव्या काठावर ढोल वाजले. डाव्या काठावर दुपारपर्यंत सुतक होतं. मग कुणाला तरी आठवलं, की पोपट तर आपल्याही आधी बाहेर पडलेत. झालं, तिथंही ढोल निघाले.

पाणी घोट्यांपर्यंत आलं, गुडघ्यांपर्यंत आलं. नाचणाऱ्यांनी पाय थोडे उंच उचलायला सुरुवात केली, एवढंच. भिवरेला एकच अंडं उचलता आलं. ते पंजात घट्ट धरून ती उंच फांदीवरून सोनबाला हाका मारत होती. सोनबा सगळ्यांच्या पुढं नाचत होता. ढोल दणकेबाज होते.

तेवढ्यात प्रवाहातून पांढरं, गोल काहीतरी डुलत आलं. मागोमाग दुसरं, तिसरं. डाव्या काठाकडूनही तसलीच चार-पाच आली आणि मध्यावर सगळी एकमेकांत मिसळली. कुठलं कुणाचं, ओळखायची सोय नव्हती.

त्यातलं एक सोनबाच्या पायाशी येऊन थांबलं.

"ए तीन तुरेवाल्यांनो!" तो पलीकडं ओरडला. "घ्या, हा आणखी एक तुमच्या नावावर!"

आणि त्यानं पाय मागं घेतला. पलीकडच्या काठावर एका खंड्यानंही घेतला होता.