मडकं फोडणाऱ्यांची शाळा

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली ते राज्य आता उरलेलं नाही, आणि ज्या गावात घडली त्या गावाचं नावही कुणाला आठवत नाही. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. लहानांनी ती ऐकावी, पण मोठ्यांनीही मध्येच उठून जाऊ नये, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

नदीकाठी कुंभारांचं एक गाव होतं. घरोघरी चाक होतं, प्रत्येक अंगणात भट्टी होती. सकाळ झाली की चाकं फिरू लागत आणि ओल्या मडक्यांच्या रांगा उन्हात वाळायला लागत. अंगण भरलं की रांगा गल्लीत येत. गावात पाऊल टाकायचं तर खाली बघूनच टाकावं लागे.

एकदा राजाने फर्मान काढलं, की गावोगावी शाळा हवी. राजाचा हुकूम मोडायची कुणाची छाती होती? गावकऱ्यांनी वेशीजवळ चार भिंती उभ्या केल्या, वर गवत शाकारलं. राजधानीहून एक गुरुजी आले. आता प्रश्न पडला, शाळेत पाठवायचं कुणाला? गावातली मुलं कामाची होती. कुणी माती तुडवी, कुणी पाणी आणी, कुणी ओली मडकी थापटून त्यांना आकार देई. हाताशी आलेलं पोर दिवसभर नुसतं बसवून कोण ठेवणार?

गावाच्या म्होरक्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. त्यांनी तोड काढली. म्हणाले, “जे पोर मडकं फोडंल, ते शाळंत जाईल. धांदरट पोरं तिकडं बसली म्हंजे हिकडं माल तरी शाबूत ऱ्हाईल. राजाचा हुकूम बी पाळल्यासारखं हुईल.”

हे सगळ्यांना पटलं आणि तशी रीत पडून गेली. मडकं फुटलं की पोराचा दंड धरायचा आणि त्याला रडत-ओरडत वेशीकडे न्यायचं. वाटेत इतर मुलं ‘फोड्या, फोड्या’ म्हणून मागे लागत. दिवसभर शाळेत बसलं की शिक्षा संपली. शहाण्या मुलांचं शाळेत काही कामच नव्हतं.

मोठ्यांनो, हसू नका. घरात दंगा करणाऱ्या पोराला ‘शाळा सुरू होऊ दे एकदा, मग बघते तुझ्याकडे’ असं आपल्यातल्या किती जणांनी सुनावलेलं नाही?

गुरुजींपुढे रोज जी मुलं येत, ती मान खाली घालून येत. ते गोष्ट सांगू लागले तरी मुलांचे डोळे दाराकडे, सूर्य कधी कलतो याच्याकडे. जे आज आलं ते पोर उद्या नसे, दुसरंच कुणी रडत असे. गुरुजी स्वभावाने मऊ होते. त्यांनी थोरल्यांना पुष्कळ विनवलं, “मुलांना हसत पाठवा हो. चोराला कोंडायला न्यावं तशी आणता तुम्ही त्यांना.”

थोरले म्हणाले, “हसत आली तर मग जरब कसली, गुरुजी?”

याच गावात येसू नावाची एक मुलगी होती. तिचा हात हलका होता, पाऊल त्याहून हलकं. तिच्या बापाला तिचा फार अभिमान. “माझ्या येसूनं आजवर पणतीला बी तडा जाऊ दिला न्हाई,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण एका सकाळी पाण्याची कळशी घेऊन येताना तिचा पाय घसरला, आणि नुकताच वाळलेला मोठा रांजण आडवा झाला. त्याचे तुकडे तुकडे झाले.

बापाला वाईट वाटलं, पण रीत ती रीत. येसू सबंध वाटभर हुंदके देत गेली. शाळेच्या दारात तिला सोडून बाप मागे न बघता निघून गेला.

गुरुजींनी तिला आपल्याजवळ बसवलं. त्यांनी लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरली आणि बोटाने तिच्यात एक वाकडीतिकडी रेघ ओढली. त्या काळी अशा धुळीच्या पाटीवरच लिहीत. येसूने रडता रडता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

“ही आपली नदी,” गुरुजी म्हणाले. “हे इथे आपलं गाव.”

येसूने नाक पुसून विचारलं, “आन् गावाच्या वर काय हाय?”

“वर डोंगर. पावसात डोंगराची माती झिजते, नदी ती घेऊन येते आणि तुमच्या काठावर टाकते. तुझ्या बाबांच्या चाकावर रोज फिरतो तो डोंगरच.”

येसूने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. ती गालातल्या गालात हसली. त्या शाळेत कुणी हसण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि गुरुजींना भरून आलं. नदी खाली कुठे जाते, समुद्राचं पाणी खारट का, ‘नदी’ हा शब्द लिहायचा कसा, येसूच्या प्रश्नांना अंत नव्हता. संध्याकाळी बाप न्यायला आला तेव्हा तिचा पाय निघेना.

दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली, वेणी घातली आणि निघाली. आईने विचारलं, “कुटं गं?”

“शाळंत.”

“अगं येडी का खुळी? काल भोगलंस ते सरलं. आज काय फोडलंयस का?”

येसू थबकली. तिने काहीच फोडलं नव्हतं. दिवसभर ती मडकी थापटत बसली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने एक चिरलेली पणती उचलली, इकडे तिकडे पाहिलं आणि हातातून सोडून दिली.

शाळा मिळाली.

मग तिने हाच मार्ग धरला. ज्याला तडा गेला आहे, ज्याचा काठ वाकडा झाला आहे, असंच भांडं ती शोधून काढायची, म्हणजे बापाचं फार नुकसान नको. पण तो कुंभार हाताचा पक्का. त्याच्या अंगणात वाकडी भांडी असणार तरी किती? ती संपली. तेव्हा येसूने डोळे मिटून एक चांगलं मडकं फोडलं. मग आणखी एक.

बाप रागवला नाही, खचला. तिचे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघायचा. “पोरी, काय झालं गं तुज्या हातांस्नी? कुणाची नजर लागली?” येसूला रडू यायचं. बापाला खरं सांगावं असं तिला फार वाटे, पण सांगितलं तर शाळा जाईल, ही भीती त्याहून मोठी होती.

गुरुजींच्याही ते लक्षात आलं. त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, “येसू, एवढी मडकी फुटतात कशी गं तुझ्याकडून?”

“फुटत न्हाईत, गुरुजी. फोडते.”

“का?”

“मग यायचं कसं?”

इतक्या दिवसांत एक तरी मूल आपणहून आलं, या आनंदाने गुरुजींना राहवेना, आणि त्यासाठी ते बापाच्या कष्टाची माती करतंय याचं दुःखही आवरेना. “आता फोडू नकोस,” ते म्हणाले. “मी तुझ्या बाबांशी बोलतो. तू रोज येशील, आणि कुणी तुला फोडी म्हणणार नाही.”

भला माणूस, पण भाबडा. त्याच संध्याकाळी त्यांनी येसूच्या बापाला सगळं सांगून टाकलं. तिला शाळेची किती ओढ आहे हे कळलं की बाप विरघळेल, असं त्यांना वाटलं. बापाने मात्र त्यातलं एकच ऐकलं.

“म्हंजे पोरगी मुद्दाम फोडत हुती?”

गोष्ट गावभर झाली. पारावर सगळे जमले. आज येसू फोडते, उद्या तिचं बघून सगळीच पोरं फोडू लागतील, मग गावाने खायचं काय? थोरल्यांनी गुरुजींना बोलावलं. थोरले संतापलेले नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेली मोठी माणसं फार वाईट निर्णय घेतात.

“गुरुजी, शाळंत पोरांना मज्जा वाटाया लागली तर ती शिक्षा कसली? उद्या समद्या गावाम्होरं त्या पोरीला अद्दल घडवा. न्हाईतर आमी दाराला कडी घालतो आन् राजाला कळवतो, की पोरंच येत न्हाईत. तुमी तुमच्या गावाला जावा.”

असं म्हणून त्यांनी गुरुजींच्या हातात मडकी थापटायचं लाकडी थापटणं ठेवलं.

गुरुजींनी खूप विचार केला. नाही म्हणावं, तर शाळा बंद होईल आणि येसूच्या वाट्याला ती कायमची संपेल. एकदाच हात उगारावा, गाव शांत होईल, मग हळूहळू तिला समजावता येईल. असा हिशोब त्यांनी मनाशी केला. बाळांनो, चांगली माणसं वाईट काम करतात ती बहुतेक अशाच हिशोबाने.

दुसऱ्या दिवशी शाळेबाहेर सगळा गाव उभा राहिला. बापाने काही न सांगता धाडलं, तशी येसू आली. तिने त्या दिवशी काही फोडलं नव्हतं. गुरुजींनी बाबांची समजूत घातली म्हणूनच आपल्याला शाळेत धाडलं, असं तिला वाटलं होतं. ती हसत हसत थेट पाटीपाशी जाऊन बसली आणि धूळ सारखी करू लागली.

“उभी राहा,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “हात पुढे कर.”

थापटणं तिच्या तळहातावर पडलं. एकदा, पुन्हा, आणि पुन्हा. येसू रडली नाही. मार काही तिला नवा नव्हता, कुंभाराच्या घरात चुकल्यावर फटका बसतोच. ती फक्त गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि गुरुजींना तिच्याकडे बघवेना. मागे उभ्या असलेल्या बापानेही मान फिरवली.

गावाला हवं होतं ते झालं. येसूच्या हातून त्यानंतर काही फुटलं नाही. इतर मुलांनीही असा धसका घेतला, की ती मडक्यांजवळून श्वास रोखून जात. शाळा ओस पडली. थोरले स्वतः येऊन गुरुजींना म्हणाले, “लई उपकार झाले. पोरं सुधारली बगा.”

बरेच दिवस गेले. येसूच्या बापाला घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. मडकी जागच्या जागी होती, काम वेळेवर होत होतं, पण पोर बोलत नव्हती. कामात गाणं गुणगुणायची, ते थांबलं होतं. शेवटी त्याला राहवलं नाही. तो एकटाच गुरुजींकडे गेला आणि खाली बघत म्हणाला, “गुरुजी, येसूला न्या. रोज न्या. गावाला काय म्हनायचं ते म्हनू द्या.”

गुरुजी अक्षरशः धावत निघाले. येसू अंगणात एक मडकं थापटत बसली होती.

“येसू!” ते म्हणाले. “चल बाळ, शाळेत चल.”

येसू दचकून उठली. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि ती भिंतीला जाऊन टेकली.

“म्या काय फोडलं न्हाई, गुरुजी.”

“ठाऊक आहे मला. तसं नव्हे गं, आता तू रोज...”

“खरंच न्हाई फोडलं! बा, तू सांग की. त्या रांगा बघा, समदी हायत. एक बी कमी न्हाई. म्या काय केलंय?”

बाप पुढे झाला. “पोरी, ही शिक्षा न्हाई गं. तुला आवडतं म्हून...”

“मला न्हाई आवडत!” येसू ओरडली, आणि आईच्या पदराआड शिरून इतकी रडली, की शेजारची चाकं थांबली. बाप तिथेच मातीच्या ढिगावर बसला. गुरुजी आल्या पावली परत फिरले.

काही दिवसांनी गुरुजी गाव सोडून गेले. त्यांना पोचवायला कुणी मूल आलं नाही. शाळेच्या चार भिंतींत लोक भट्टीचा पेंढा भरून ठेवू लागले. येसू मोठी झाली, बापासारखीच हाताची पक्की कुंभारीण झाली. तिची मडकी लांबच्या बाजारात जात. नदीवर जायचा जवळचा रस्ता वेशीपाशी त्या भिंतींजवळून जात होता, पण येसू जन्मभर लांबच्या वाटेने पाणी आणत राहिली.

म्हणून सांगतो: जिथे शाळेत पाठवणं हीच शिक्षा होते, तिथलं मूल शिकण्याला गुन्ह्याइतकंच भितं.